‘ताई, तू परत उडालीस’: कन्सोलच्या वायफायमागे २२ दिवस

शनिवारी, ७ मार्चला, मी टीव्हीखालचं कपाट आवरलं. बस, एवढंच. इतके दिवस टेबलावर उघडा पडलेला गेम खेळायचा कन्सोल आत सरकवला, वायरी मागे कोंबल्या. स्टोरेज भरत आलं होतं म्हणून घरात पडून असलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क त्याला जोडली आणि कन्सोलच्याच पाठीला टेकवून ठेवली. मी आणि धाकटा भाऊ दर रविवारी रात्री जो गेम खेळतो तो बराच मोठा आहे. तो डिस्कवर हलवला. कपाटाचं दार लावलं. खोली एकदम नीटनेटकी दिसायला लागली.

रविवारी साडेनऊला खेळायला बसलो. पावणेदहाला मी गेमच्या बाहेर. परत आत गेले, वीस मिनिटांनी पुन्हा बाहेर. भाऊ दुसऱ्या गावात असतो, हेडफोनमधून आधी त्याचा आवाज तुटायचा आणि मग यायचं, "ताई, तू परत उडालीस." तिसऱ्या वेळेस तो म्हणाला, सर्व्हर गंडला असेल, झोप आता. मी फोनवर गेमचं आणि कन्सोलचं अशी दोन्ही स्टेटसची पानं उघडून पाहिली. सगळं हिरवं.

तुम्हाला इथेच चोर दिसला असेल कदाचित. मला दिसायला दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत मी चोर सोडून घरातल्या सगळ्यांना धरलं. कुणाचा तरी तेवढा वेळ वाचावा म्हणून हे क्रमाने लिहितेय.

सोमवारी, ९ तारखेला, पहिलं काम म्हणजे बंद करून चालू करणं. यातही एक चूक केली. कंट्रोलरवरून कन्सोल ‘बंद’ केला तेव्हा तो खरं तर रेस्ट मोडमध्ये, म्हणजे नुसता डुलकी घ्यायला, गेला होता. दिवा जळत होता आणि मी मात्र रीस्टार्ट झाला असं समजून चालले. पूर्ण शटडाउन वेगळं असतं. ते करून, प्लग काढून, दोन मिनिटं थांबायचं. राउटरचंही तसंच. क्रमही महत्त्वाचा: आधी फायबरचा डबा (कंपनीची लाइन ज्यात येते तो) लावायचा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, आणि राउटरचं वायफाय फोनवर दिसायला लागलं की शेवटी कन्सोल. सगळे एकदम लावले तर कन्सोल घाईघाईने राउटरकडे पत्ता मागतो आणि राउटर अजून अर्धा झोपेत असतो. कन्सोलच्या नेटवर्कच्या माहितीत आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजायचं की राउटरने पत्ता दिलेलाच नाही, यंत्राने स्वतःच स्वतःला एक देऊन टाकलाय. माझा तसा नव्हता. पत्ता नीट मिळत होता.

मंगळवारी नेटवर्क ‘विसरायला’ लावून पासवर्ड पुन्हा टाकला. आमच्या वायफायचा पासवर्ड १९ अक्षरांचा आहे, तोही माझ्याच हट्टाने. तो कंट्रोलरच्या बाणांनी, पडद्यावरच्या कीबोर्डवर, एकेक अक्षर उचलत टाकायचा. दोनदा चुकला. पासवर्ड दाखवण्याची खूण त्याच पडद्यावर कोपऱ्यात असते, ती आधी दाबा. शून्य आणि इंग्रजी ओ यांतला फरक गोळे पाहून कळत नाही. शिवाय पुष्कळ कन्सोलना यूएसबीचा साधा कीबोर्ड जोडता येतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

मग कनेक्शन टेस्ट. बहुतेक कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये ती असते आणि टप्प्याटप्प्याने निकाल दाखवते: आयपी पत्ता मिळाला का, इंटरनेट लागलं का, खात्यात साइन-इन झालं का, नॅटचा प्रकार कोणता (त्याबद्दल पुढे), डाउनलोड किती, अपलोड किती. माझ्या टेस्टमध्ये सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. स्पीडही चांगला, रेंजच्या काड्याही भरलेल्या. पाच वेळा केली, पाचही वेळा पास. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. माझा दुसरा जुना गेम, जो आतल्या स्टोरेजवरच होता, तो मात्र तासभर न तुटता चालला. म्हणजे गेमच्या सर्व्हरचाच दोष, असं मी छातीठोकपणे भावाला कळवलं. त्याने कळवलं की तो त्याच सर्व्हरवर दोन तास आरामात खेळतोय.

बुधवार, ११ मार्च. या रात्रीबद्दल लिहायला नको वाटतं, पण सगळ्यात उपयोगी तेच आहे. साडेदहा ते पावणेदोन मी राउटरच्या सेटिंग्जमध्ये बसले आणि जे दिसेल ते बदललं. डीएनएस बदलून ८.८.८.८ केला, मग १.१.१.१ केला. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी टेलिफोन डिरेक्टरी; ती बदलून गेममध्ये शिरायला मदत होऊ शकते, पण चालू खेळातून बाहेर फेकलं जाणं तिच्यामुळे सहसा थांबत नाही. हे तेव्हा माहीत नव्हतं. एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या डेटाच्या पुडक्याचा कमाल आकार, १५०० चा १४७३ केला, कारण कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलं होतं. चॅनल बदलला. वायफायचं नाव बदललं. शेवटी वैतागून पिनने राउटरच्या मागचं छिद्र दहा सेकंद दाबून तो फॅक्टरी रीसेट केला आणि नव्याने सेट केला. दोन वाजता झोपताना मला एवढंच सांगता आलं असतं की आता काय काय वेगळं आहे ते मला ठाऊक नाही.

सकाळी नवऱ्याची मीटिंग सुरू व्हायला चार मिनिटं असताना त्याच्या लॅपटॉपला जुनं वायफाय सापडेना. आईचा फोन, टीव्ही, प्रिंटर, सगळेच बाहेर. "तुझ्या खेळापायी घरादाराचं नेट गेलं," आई म्हणाली, आणि तिचं चुकलं नव्हतं. नाव आणि पासवर्ड जुनेच पुन्हा ठेवले तेव्हा सगळे आपोआप परत आले. राउटर रीसेट करायचाच असेल तर आधी त्याच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता. त्याची किंमत पुढे मोजली.

गुरुवारी, १२ तारखेला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कन्सोल जोडून पाहिला. फोन कपाटावरच ठेवला होता. तो गेम पाऊण तास अजिबात तुटला नाही. झालं, सिद्ध झालं: कन्सोल ठीक, घरचं नेट वाईट. लगेच इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन. ११ मिनिटं संगीत ऐकलं. मग बाईंनी राउटर बंद करून चालू करायला सांगितला, मी केलेलाच होता तरी पुन्हा केला, आणि तक्रार क्रमांक मिळाला. मुदत ४८ तास. शनिवारी दुपारी मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणीही आलेलं नव्हतं, फोनही आला नव्हता. पुन्हा फोन केला, तर जुनं तिकीट बंद झाल्यामुळे ते उघडता येत नाही, नवं घ्यावं लागेल. घेतलं. या वेळी एक शहाणपणा केला: ‘गेम चालत नाही’ असं न सांगता ‘वायफायवर दर पंधरा मिनिटांनी कनेक्शन तुटतं, माणूस पाठवा’ असं सांगितलं. गेम हा शब्द ऐकला की समोरचा माणूस तुम्हाला गेमवाल्यांकडे पाठवतो.

मंगळवारी, १७ ला, तंत्रज्ञ आला. विशीतला मुलगा. त्याने फायबरची लाइट मोजली, आपला लॅपटॉप थेट डब्याला वायरने जोडला, दहा मिनिटं पिंग चालू ठेवलं, म्हणजे हाका मारून उत्तरं येतात का ते पाहिलं. एकही हाक हरवली नाही. मग त्याने कपाटाकडे पाहिलं, राउटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, लाइन क्लिअर आहे. जे काय आहे ते हवेत आहे." तेव्हा मला वाटलं की हात झटकतोय. या सगळ्या प्रकरणात पहिलं बरोबर वाक्य त्याचं होतं.

बुधवारी मैत्रिणीकडून १५ मीटरची लॅन केबल आणली. राउटरपासून दारातून, सोफ्याखालून थेट कन्सोलपर्यंत. आई दोनदा अडखळली. गेम अडीच तास चालला आणि एकदाही तुटला नाही. लाइन ठीक, गेमचा सर्व्हर ठीक, कन्सोल ठीक. उरलं ते फक्त राउटर ते कन्सोल एवढं हवेतलं अंतर. ही चाचणी मी पहिल्याच संध्याकाळी करायला हवी होती. उसन्या केबलचा काही खर्च नाही, आणि ती अर्ध्या संशयितांना एका झटक्यात घरी पाठवते. कन्सोलला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो. निन्टेन्डो स्विचच्या २०१७ च्या मूळ डॉकला तो लागतो, २०२१ च्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकमध्ये मात्र लॅन आहे. जिथे केबल कायमची टाकता येते तिथे इथेच वाचन थांबवून केबल टाकावी. आमच्याकडे मधे दोन दारं आहेत.

आता वही घेतली. एका वेळी एकच बदल, समोर वेळ आणि निकाल. गुरुवार ते शनिवार हेच केलं.

पहिला प्रश्न: कन्सोल कुठल्या बँडवर आहे? राउटर दोन बँडवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतींतून जास्त लांब जातो, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. त्यात चॅनल एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न छेडणारे नेहमीचे तीनच, १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झवर जागा मोकळी, पण भिंत आली की दमतो. बहुतेक राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि यंत्राला निवडू देतात. माझ्या कन्सोलने २.४ निवडला होता. (काहींना निवडच नसते. प्लेस्टेशन ४ च्या २०१३ च्या पहिल्या मॉडेलला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, तेव्हा आधी आपलं मॉडेल पाहून घ्या.)

दोन बँडना दोन नावं दिली. फोनवर दोन्ही दिसली. कन्सोलवर फक्त २.४. पाचवालं नाव यादीत नाहीच! तासभर मी कन्सोलचा अँटेना बिघडला म्हणून दुःख करत बसले. कारण वेगळंच होतं. राउटरचा चॅनल ‘ऑटो’वर होता आणि तो १०० वर जाऊन बसला होता. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून वापरावे लागतात. राउटरला तिथे बोलण्याआधी किमान ६० सेकंद रडार आहे का ते ऐकावं लागतं, आणि मधेच रडार जाणवलं तर जागा सोडावी लागते. काही यंत्रं त्या चॅनलांकडे बघतच नाहीत. मी चॅनल हाताने ४४ केला, कन्सोल पूर्ण बंद करून लावला, आणि नाव आलं. तुमच्या कन्सोललाही ५ गिगाहर्ट्झ दिसत नसेल तर ३६ ते ४८ मधला चॅनल देऊन पाहा.

जोडलं. दोन भिंती आणि कपाटाचं दार यांच्या पलीकडे रेंजची एकच काडी. खेळता येईना. परत २.४ वर. वहीत शनिवारच्या पानावर लिहिलंय: ‘मायक्रोवेव्ह बंद होता तरी तुटलं. ८:५०, ९:१२, ९:३१.’

रविवारी, २२ तारखेला दुपारी, कंटाळून एक वेगळी गोष्ट केली. लॅपटॉप २.४ च्या नावाला जोडला आणि राउटरला सतत पिंग लावलं: राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१, आणि न थांबता चालावं म्हणून मागे -t. पिंग म्हणजे एक हाक आणि तिचं उत्तर यायला लागलेला वेळ. जेवणाच्या टेबलावर आकडे ३, ३, ४, ३ मिलिसेकंद. मग तोच लॅपटॉप उचलून कन्सोलच्या शेजारी, उघड्या कपाटाच्या फळीवर ठेवला. ४, ५, ३. काहीच नाही. कन्सोल सुरू केला, ५, ४. जुना गेम लावला, ४, ६. रविवारचा गेम लावला, आणि डिस्कचा छोटा निळा दिवा लुकलुकायला लागला. ३८. २१०. रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही. ९४. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. दिवा थांबला, आकडे उतरले. दिवा लुकलुकला, आकडे चढले. मी जमिनीवर बसून पाच मिनिटं नुसती बघत होते. मग गेम बंद केला, डिस्क सेटिंगमधून नीट बाहेर काढली, वायर उपटली आणि पुन्हा पिंग. ३, ३, ४, ३.

हा प्रकार नवा नाही. यूएसबी ३.० च्या वायरीतून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा धावतो, आणि त्याचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढला होता. डिस्क, तिची वायर आणि कन्सोलचा अँटेना एकमेकांना चिकटून असले की अँटेनाच्या कानाशी कुणीतरी भांडी वाजवतंय असं होतं. राउटरची हाक पोचते, ऐकू येत नाही.

एकदा हे कळल्यावर वहीतली सगळी कोडी सुटली. कनेक्शन टेस्ट पास व्हायची, कारण तेव्हा गेम बंद आणि डिस्क गप्प. जुना गेम चालायचा, कारण तो आतल्या स्टोरेजवर. काड्या भरलेल्या दिसायच्या, कारण काड्या आवाज किती मोठा ते सांगतात, गोंगाट किती ते सांगत नाहीत. आणि हॉटस्पॉटवर चाललं, कारण फोन हातभर अंतरावर होता. इतक्या जवळून ओरडलं तर भांड्यांतूनही ऐकू येतं. त्या एका चाचणीच्या जोरावर मी कंपनीशी पाच दिवस भांडले होते.

उपाय फार साधा निघाला. जरा लांब, चांगल्या शिल्डिंगची (गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची) यूएसबी केबल मागवली, ती मंगळवारी आली. डिस्क कपाटाच्या दुसऱ्या टोकाला. कन्सोल कपाटाबाहेर, पुन्हा टेबलावर. उघड्यावर आल्यावर ५ गिगाहर्ट्झच्याही तीन काड्या आल्या, म्हणून त्यालाच जोडला. तिथे डिस्कचा त्रास मुळात कमी. एकूण खर्च एका केबलचा.

इथे संपलं असतं. बुधवारी, २५ ला, भावाबरोबर चाचणी म्हणून बसलो तर गेम मस्त, पण आवाज गायब. मला तो ऐकू येईना, त्याला मी. कनेक्शन टेस्टमध्ये नॅटचा प्रकार ३. आधी तो २ असायचा, पण हिरव्या खुणांच्या नादात मी त्या ओळीकडे बघतच नव्हते.

नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणारा दारवान. तो किती कडक आहे त्यावर दुसऱ्या खेळाडूशी थेट जोडणी होते की नाही ते ठरतं. प्लेस्टेशनवर त्याला १, २, ३ म्हणतात, एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट, स्विचवर ए, बी असं पुढे. शेवटचे आले की व्हॉइस चॅट पहिलं मरतं.

राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा, म्हणजे वॅन पत्ता पाहिला: १९२.१६८.१.४. १९२.१६८ ने सुरू होणारा म्हणजे घरातलाच पत्ता. म्हणजे माझ्या राउटरच्या पुढे, फायबरच्या डब्यातही एक दारवान बसला होता. दाराला दोन दारवान. (तुम्हाला तिथे १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला तर दुसरा दारवान कंपनीच्या पलीकडच्या टोकाला आहे, आणि तो फक्त त्यांनाच हलवता येतो. वेगळा पब्लिक आयपी मागावा लागतो.) पण आधी असं का नव्हतं? कारण राउटर बसवणाऱ्याने तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवला होता, म्हणजे नुसतं वायफाय देणारा, दारवानगिरी न करणारा. ११ तारखेच्या रात्री मी पिनने छिद्र दाबलं आणि तो पुन्हा पूर्ण राउटर झाला. फोटो नव्हते, म्हणून कळलं नाही.

आधी सरळमार्गाने कंपनीला फोन करून डबा ब्रिज मोडवर करायची, म्हणजे त्यातल्या दारवानाला सुट्टी द्यायची, विनंती टाकली. नवा क्रमांक, तीन ते पाच कामाचे दिवस. मग रात्री स्वतःच राउटरच्या सेटिंग्जमध्ये ऑपरेशन मोड शोधून ॲक्सेस पॉइंट केला, डब्यातलं यूपीएनपी (खेळाला लागणारी वाट दारवानाकडून आपोआप उघडून घेणारी सोय) चालू आहे ना ते पाहिलं, तिन्ही यंत्रं क्रमाने बंद-चालू केली. दहा मिनिटं. नॅट २. एक अडचण झाली: मोड बदलल्यावर राउटरचा पत्ताही बदलतो, जुन्या पत्त्यावर पान उघडत नाही. नवा पत्ता डब्याच्या पानावर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत सापडतो. तो मी राउटरच्या पोटावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलाय.

रविवारी, २९ ला, साडेनऊ ते पावणेबारा खेळलो. मध्ये एकदा आवाज तुटला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. भावाचा हेडफोन डिस्चार्ज झाला होता.

३१ तारखेला कंपनीतून फोन आला, ब्रिज मोडसाठी माणूस कधी पाठवू? म्हटलं, आता गरज नाही, विनंती रद्द करा. रद्द करायचा पर्याय त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी तिकीट ‘सोडवलं’ म्हणून बंद केलं. मैत्रिणीची केबल अजून माझ्याकडेच आहे. गुंडाळून, कपाटात, जिथे आधी कन्सोल होता तिथे.